बेडूकवाल्याचा तळहात

लोक विचारतात, तुमच्या ह्यांना ही गाडी सुचली कशी? सुचली कसली डोंबलाची! पाय दुखले म्हणून केली. हे पंप दुरुस्त करायचे. टेकडीपलीकडे सगळी रेताड जमीन, रस्ता नाही, आणि पंप नेमके तिथलेच बिघडायचे. खांद्यावर अवजारांची पेटी घेऊन जायचं आणि तशीच घेऊन यायचं. एकदा कोमट पाण्यात पाय घालून बसले होते, तर म्हणाले, "अगं, चाकं रेतीत रुततात ती बारीक असतात म्हणून. जाड केली तर?"

"आधी पाय पुसा," मी म्हटलं.

शाळा ह्यांनी अर्ध्यावर सोडलेली. पण डोक्यात खूळ शिरलं की शिरलं. पंपाचं जुनं इंजिन, भंगारातले पाइप आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा कापून, जोडून केलेली तीन टम्म चाकं. स्प्रिंगबिंग काही नाही. पहिल्याच दिवशी ती उड्या मारत टेकडी चढली आणि पोरं ओरडली, "बेडूक! बेडूक!" तेव्हापासून गाडी बेडूक आणि हे बेडूकवाले. मला कुणी बेडकीण म्हटलं नाही, निदान तोंडावर तरी.

मग लोक फिरायला मागू लागले. धडधाकट माणसं हो! काम नाही, धाम नाही, नुसतं वर जायचं, खाली यायचं, तोंडभर धूळ खायची आणि वर म्हणायचं, "काय मजा आली!" ज्या वाटेनं ह्यांचे पाय सोलून निघाले, तिथे लोक हौसेनं जात होते. मला ते कधी कळलं नाही. ह्यांनाही कळलं नसावं, पण पंपांचं काम सोडून हे बेडूकच बनवायला लागले. प्रत्येक गाडी स्वतः दगडधोंड्यांवरून दामटून आणायचे. संध्याकाळी हात थरथरत असायचे, कपातला चहा बशीत आणि बशीतला शर्टावर.

ह्यांची एक रीत होती. गाडी तयार झाली की इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, सांगाड्यावर तळहात ठेवायचे. चांगला बराच वेळ. मग म्हणायचे, "मागचा बोल्ट ढिला आहे," नाहीतर, "बेअरिंग जाणार हे." हात ठेवल्याशिवाय गाडी दाराबाहेर जायची नाही. मला ताप आला तरी तोच हात कपाळावर. आमच्या घरात थर्मामीटर कधी आलाच नाही.

एके सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आत चहा उतू जायला लागला. खिडकीतून पाहते तर ह्यांनी उकळतं पातेलं नुसत्या हातांनी धरून खाली ठेवलं. सावकाश. पकड समोर लटकत होती.

"अहो!" मी ओरडले.

"काय झालं?" म्हणाले. माझं तोंड पाहिलं आणि मग स्वतःचे हात पाहिले. लाल झाले होते.

डॉक्टरांनी बोटांत सुई टोचली, हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. इतकी वर्षं हँडलचे हादरे खाल्ले, नसा गेल्या, डॉक्टर म्हणाले. परत येतील असं मी सांगणार नाही, असंही म्हणाले. हे म्हणाले, "बरं." मीही म्हटलं, "बरं." घरी येऊन मी भाजी चिरली, भांडी घासली. रडू यायला हवं होतं. आत काही हललंच नाही.

तेव्हा टेकडीखालच्या लॉजवाल्याची गाडी तयार होती. पाहुण्यांना, त्यांच्या बायकापोरांना फिरवायला हवी होती त्याला. ह्यांनी इंजिन चालू केलं आणि मला हाक मारली. "इकडे ये. हात ठेव. काय वाटतंय सांग."

"गरम आहे. थरथरतंय."

"कसं थरथरतंय?"

"थरथरतंय तसं! आता त्याचं काय सांगू?"

"आतून एखादा ठोका चुकतोय का? की सरळ आहे?"

मी डोळे मिटले. अगदी जीव लावून हात दाबला. खोटं कशाला सांगू, मला सगळं सारखंच लागत होतं. आठवडाभर तेच. हे मुद्दाम बोल्ट ढिला करायचे, मग घट्ट करायचे, "आता? आता फरक कळला?" विचारायचे. मला नाही कळला. रागाने एकदा म्हटलं, "माझा हात म्हणजे काय तुमचा पाना आहे का?" हे रागावले नाहीत. वाकून त्यांनी सांगाड्याला गाल लावला. खूप वेळाने उठले. "गालाला हे येत नाही," म्हणाले.

लॉजवाला आला, गाडी फिरवून आला, खूश. "झकास चालतेय की! नेऊ ना?"

"नाही देत," हे म्हणाले.

"अहो, पण चालतेय!"

"चालतेय. पण मला माहीत नाही."

लॉजवाल्याने माझ्याकडे पाहिलं. तो गेला आणि शहरातल्या कारखान्यातून चकचकीत गाड्या घेऊन आला. ह्यांनी बेडूक खोलून ठेवला, शेडला कुलूप घातलं. आता सुट्टीच्या दिवशी टेकडीवरून आवाज येतात. हे ओट्यावर बसून ऐकतात. चांगल्या आहेत गाड्या, म्हणतात. मला त्या आवाजाची चीड येत नाही की कौतुक वाटत नाही. खिडकी लावून घेते.

परवा मला कणकण आली. पडून होते. हे येऊन उशाशी बसले, सवयीने हात माझ्या कपाळावर ठेवला. ठेवला आणि तसाच राहिला. मग काढून घेतला, मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बघत बसले.

"थर्मामीटर आणा एक," मी म्हटलं.

हे वाकले आणि माझ्या कपाळाला गाल लावला. उभ्या आयुष्यात हा माणूस असा जवळ आला नव्हता. दाढी टोचत होती.

"ताप आहे," म्हणाले.

"कळला?"

"थांब जरा. बोलू नकोस."

डोळे मिटून, इंजिनाला लागायचा तेवढा वेळ ते तसेच राहिले. मीही हलले नाही.