पंख्यातली फुलं

“काच पुसून पुसून थकली ते पोरगी, पण तोंड नाही उघडून राह्यली,” चहाच्या टपरीवरची बाई कोणाला तरी म्हणाली. गाडीत बसून मी ते ऐकलं आणि ओढणीने काच पुन्हा पुसली. मागच्या सीटवर आई उशीला टेकून श्वास ओढत होती. हिला ताबडतोब यवतमाळला न्या, असं मारेगावच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. बाबा नाहीत, घरात आम्ही दोघीच, म्हणून मी गाडी काढली. डिसेंबरचं धुकं होतं आणि हीटरचा पंखा फिरत नव्हता. खिडकी उघडली की काच निवळायची, पण गार हवेने आईला खोकल्याची उबळ यायची. बंद केली की समोरचा ट्रकही दिसेना. करंजीच्या अलीकडे, या टपरीसमोर, गाडीचं चाक रस्त्याखाली उतरलं आणि मी तिथेच थांबले. मदत मागायला हवी, हे कळत होतं. पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा घसा मिटतो, आणि त्या सकाळी आईच्या जिवासाठीही तो उघडला नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

शेवटी मफलर गुंडाळलेला एक माणूस टपरीवरून आपणहून आला. जवळच त्याची मालवाहू गाडी उभी होती. मी नुसतं हीटरच्या बटणाकडे बोट दाखवलं. त्याने बटण फिरवून कान लावला. आवाज नाही. खाली वाकून फ्यूज काढला, तो जळलेला. फ्यूजच्या डबीतला जादा फ्यूज बसवला, तर बटण फिरवताच तोही गेला.

“फ्यूजचा दोष नाही, ताई. पंखा अडकून आहे, म्हणून करंट जास्त ओढते. आधी खरखर वाजे का?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मंग बोलली काहून नाही कोणाले?”

मागून आई एकेक शब्द तोडत म्हणाली, “ते... नाही बोलत जी. लहानपणापासून.”

त्याने डाव्या बाजूच्या कप्प्याखालचे स्क्रू सोडवले आणि पंखा बाहेर काढला. त्याच्या पात्यांत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, बेलाची पानं आणि एक फुलवात गच्च रुतून बसली होती. रोज पूजा झाली की आई गाडीलाही फूल वाहायची. बॉनेटवरून घसरतं म्हणून वायपरजवळच्या जाळीवर ठेवायची. पाकळ्या त्या जाळीतून आत जाताना मी वर्षभर पाहत होते. पंखा खरखरला तेव्हाही कारण मला कळलं होतं. तिची श्रद्धा दुखवायची नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला वाद नको होता. आई पंख्याकडे बघत राहिली. “म्याच केलं का हे?” तिने विचारलं. मी तिलाही उत्तर दिलं नाही.

“तुमी फुलंच वाहली, माय. दगडं थोडीच टाकले,” तो माणूस म्हणाला. “मी काही देवबिव मानत नाही. पण तुमच्या हातचं आहे.” त्याने पाकळी न् पाकळी वेचून वर्तमानपत्रावर काढली आणि पुडी बाभळीच्या बुंध्याशी ठेवली. मग स्वतःच्या गाडीतला एक फ्यूज काढून आमच्या गाडीत बसवला. “टेपचा आहे. गाणे नाही आइकले तं मरत नाही मी.” पंखा फिरला. ऊब आली आणि काच खालून वर हळूहळू निवळत गेली. मी हात जोडले. “जय भीम, ताई. सावकाश जा,” एवढं म्हणून तो चहाकडे वळला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

आई ऑक्सिजनपर्यंत पोहोचली. याला कोणी कृपा म्हणो, कोणी योगायोग म्हणो, मला वाद घालायचा नाही. न मागता कोणीतरी आलं, एवढंच मला माहीत आहे, आणि त्याचे उपकार मी रोज आठवते. तिला पुढे दोन महिने मिळाले. त्या दोन महिन्यांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं आधी कधीच बोललो नव्हतो. प्रार्थना मात्र मला येत नव्हती. इंग्रजी शाळेत रांगेत उभी राहून मी नुसते ओठ हलवायचे, आणि घरी आई म्हणायची ते गप्प बसून ऐकायचे. मागणं म्हणजे कमीपणा, असं कुठेतरी मनात बसलं होतं. आपल्या हातात काही उरलं नाही हे कबूल करून दुसऱ्यासमोर तोंड उघडणं, यालाच शरण जाणं म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटच्या दुपारी तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. वॉर्डात इतर पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते, सगळे अनोळखी. मी तिचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “देवा, ने तिला. पण आता तिला दम लागू देऊ नकोस.”