सगळ्यात लांब शॉकअप

मोजमापाच्या कामात आकडे थोडे निघतात आणि किस्से फार. आकडे फळ्यावरून पुसता येतात. किस्से मात्र गॅरेजच्या फरशीवरील तेलाच्या डागांसारखे, कितीही घासा, तिथेच! यांत्रिकी अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन मी भंडाऱ्यातील बबन मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये सस्पेन्शनचे काम पाहू लागले, तेव्हापासूनचा सर्वात मोठा साठा एकट्या दिघोरीच्या राजूभाऊंचा. त्यांना आपला जुना ट्रक गोसीखुर्दजवळच्या ऑफ-रोड स्पर्धेत उतरवायचा होता. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनींनी बजावले होते, "माह्या डोळ्यांदेखत खड्ड्यातून निघाला त ठेवू. नाही त इकून टाकू!"

*

"ताई, सगळ्यात लांब शॉकअप टाका!"

"कशासाठी?"

"गाडी उंच दिसते ना!"

मी समजावले : उंची पाटे, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ठरवतात. धक्के शोषणारा शॉकअप पूर्ण दाबलेला आणि पूर्ण ताणलेला, या दोन लांबींतील फरक म्हणजे त्याचा ट्रॅव्हल. चाक किती वर-खाली जाते, त्यावरून तो निवडायचा.

राजूभाऊ हिरमुसले. "म्हंजे लोकायले दिसनच नाही?"

"आडवा लावून देऊ, भाऊ," बबन मिस्त्री म्हणाले. "रस्त्यावरून दिसन!"

*

चाक जास्तीत जास्त किती वर जाते, हे मोजण्यासाठी काही पाटे काढून एक्सल जॅकने उचलावा लागतो. राजूभाऊ अडून बसले. "आत्ताच पूजा झाली गाडीची. खोलाचं नाही!" त्याऐवजी वजन म्हणून त्यांनी शेजारच्या लग्नातले अख्खे वऱ्हाड ट्रकमध्ये बसवले. मी खाली आडवी होऊन टेप लावते, तोच नवरदेवाचे आजोबा आले. सगळे वऱ्हाड पाया पडायला उतरले! ट्रक वर, माप गेले.

आजोबांनी वाकून मला आशीर्वाद दिला. "सुखी राहा, बेटा. पन खाली काहून झोपली?"

पाटे शेवटी निघाले. पूजा पुन्हा झाली.

*

चाक किती खाली लोंबते हे पाहताना ते मध्येच अडले. मी तपासून सांगितले, "ब्रेकचा पाइप ताणला जातो आहे. लांब घ्यावा लागेल."

राजूभाऊंचा चेहरा उजळला. "चला, काहीतरी त लांब लागलं!"

*

तरीही ते नागपूरहून मोठेच शॉकअप घेऊन आले. पूर्ण दाबले तरी जागेत न मावणारे; म्हणजे खड्ड्यात शॉकअपच आपटून तुटणार. मी परत करायला पाठवले. संध्याकाळी राजूभाऊ तेच घेऊन हजर!

"दुकानदार सासरवाडीकडचे हायेत, ताई. त्यायनं जेवू घातलं. जेवल्यावर माल वापस कसा करू?"

स्पर्धा तोंडावर आली होती. सुनंदावहिनी एकादशीचा दिवस पाहून गेल्या आणि ते परत करून बरोबर मापाचे घेऊन आल्या.

*

स्पर्धा वेळेची होती. ट्रक शेवटच्या खड्ड्यात उतरला. एक चाक पार वर, दुसरे पार खाली, पण चारही जमिनीला चिकटलेली! तो अलगद बाहेर आला आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबला. मी धावत गेले.

"काय तुटले?"

"काही नाही. सुनंदा कुठं हाये?"

"चहा घ्यायला गेल्या."

"म्हंजे तिनं पाह्यलंच नाही?"

मी काही बोलण्याआधीच राजूभाऊंनी रिव्हर्स टाकला. ट्रक पुन्हा खड्ड्यात! पंच शिट्ट्या फुंकत राहिले, मागचा स्पर्धक हॉर्न वाजवत राहिला. वहिनी कप हातात घेऊन आल्या, तेव्हा ट्रक तसाच डुलत वर येत होता.

त्यांनी शांतपणे शेवटचा घोट घेतला, कप माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले.

"सरका तिकडं!"