सांजेचं सोंग

माझी अक्कल तेव्हा किती होती? तर दिवेलागणीला मोठ्या जावेच्या तोंडासमोर उभी राहून मी जीभ काढून दाखवली. ती ना हसली, ना चिडली. त्यावरून मी ठरवलं, बाई सोंग करते आहे.

लग्न होऊन नुकतीच मी शुक्रवार पेठेतल्या घरात आले होते. जाऊ मंद्रूपकडची, तेव्हा पोटुशी. दिवस मावळला की भिंत धरून एका जागी बसायची. "मला दिसंना झालंय गं," म्हणायची. आणि सकाळी हीच बाई तांदळातला खडा लांबून टिपायची! भाकऱ्या थापायच्या वेळीच बरे हिचे डोळे जातात, हे मला काही पटेना.

जिभेची परीक्षा झाल्यावर मी सासूबाईंच्या कानाला लागले. त्यांच्याही मनात तेच असावं. दुसऱ्या सांजेला जावेला चुलीपुढे बसवलं. भाकरी तव्याच्या बाहेर, निखाऱ्यांवर पडली. ती चाचपायला जावेने हात घातला. पोळला, पण ओरडली नाही. "सांगितलं हुतं की," एवढंच म्हणाली.

मग डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, हिच्या पोटात ना दूध जातं ना पाला. व्हिटॅमिन कमी पडलंय, असंच चाललं तर डोळे कायमचे जातील. ज्याला रंग नाही, वास नाही, त्या व्हिटॅमिनचाही मला संशय आला. त्यांनी दिलेली माशाच्या तेलाची बाटली सासूबाईंनी उंबऱ्यातूनच परत केली. गळ्यात लिंग बांधणारं आमचं लिंगायत घर, मासळीला शिवायचं नाही. त्याऐवजी शेवग्याचा पाला, गाजरं आणि शिंक्यावरच्या दुधाची साय जावेसाठी ठरली. ती साय आजवर मांजर खात होतं, असा सासूबाईंचा समज.

आमच्याकडे पुरुष जेवायचे, मग मुलं, मग सासूबाई, मग मी. मोठी सून सगळ्यांत शेवटी. तिच्या ताटात काय उरतं, याचा संशय मात्र संशयखोर मलाही आला नव्हता.

बाळंतपणाआधीच तिला सांजेचं दिसू लागलं. मी लाडात येऊन विचारलं, "आता समदं दिसतंय न्हवं, जाऊबाई?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मला सांजचंच दिसत न्हवतं गं. दुपारचं समदं दिसत हुतं. साय खाणारं मांजर लुगडं नेसतंय, ते बी."