बाईंचं लक्ष

“शटल कुठं हाय ते बघ. माझ्याकडं बघून काय मिळणार हाय तुला?”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या बॅडमिंटन हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बाई एवढंच म्हणायच्या. दिवसभर पन्हाळ्याला कचेरीत कारकुनी करायची, एसटीनं खाली यायचं आणि संध्याकाळी आम्हा पस्तिशी ओलांडलेल्या सातआठ जणींना शिकवायचं. आवाज दमलेला असायचा, पण नजरेतून काही सुटायचं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापासून मनातलंसुद्धा लपत नाही. मी शाळेत शिकवते. एकदा कोर्टवर सर्व्हिस करताना तपासायचे राहिलेले पेपर डोक्यात आले.

“शाळेत हाईस व्हय अजून?” बाईंनी विचारलं.

“पेपर राहिलेत, बाई.”

“ते काय पळून जात न्हाईत. इथं ये की.”

खेळण्याआधी त्या आम्हाला बाकावर डोळे मिटून बसवायच्या. रॅकेटची मूठ हाताला जाणवली पाहिजे, शटल जाळीवरून जाताना दिसलं पाहिजे, मगच कोर्टवर. पहिल्या दिवशी आमच्यातली एक जण चक्क घोरायला लागली. बाईंनी तिला उठवलं नाही. “दमली आसंल,” म्हणाल्या.

गुडघ्यामुळं त्यांचं स्वतःचं खेळणं कधीच सुटलं होतं. पण येताना बसमध्ये खिडकीशी बसून त्या मनातल्या मनात रोज एक गेम खेळायच्या.

“हरले आज,” एकदा म्हणाल्या.

“मनातल्या मनात कसं हरता?”

“लक्ष गेलं. ह्यांचं औषध आणायचं राहिलंय ते आठवलं. गेले पाच पॉइंट.”

‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. एकदा मी कळंब्याला त्यांच्या घरी गेले, तेव्हा बाई पलंगाशी बसल्या होत्या.

“बोटं हलत्यात असं मनात बघा. घाई न्हाय.”

यजमानांनी डोळे मिटले. बाईंची नजर त्यांच्या बोटांवरून ढळत नव्हती. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “दिसत न्हाय गं काही.”

“उद्या बघू,” म्हणत बाई जेवण गरम करायला उठल्या.

तीन वर्षं हे असंच चाललं. करंगळी कधी जराशी हलायची, कधी नाही.

गेल्या हिवाळ्यात यजमान गेले. बाई हॉलवर आल्याच नाहीत. महिन्याभरानं मी त्यांना बोलवायला गेले. पलंगाच्या जागी नुसती फरशी होती.

“सगळ्या वाट बघतायत, बाई. कधी येताय?”

“न्हाय येत आता. लई वर्षं लक्ष दिलं बघ. आता कशाकडंच बघू वाटत न्हाय.”

बाई भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळानं दूध करपल्याचा वास आला. त्या हलल्या नाहीत. शेवटी मीच उठले आणि गॅस बंद केला.