मागून आलेला दहा

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नांदुऱ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे कुणी काहीही सांगितलं की माझं एकच — रिपोर्ट दाखवा, मग बोला. आमच्या वडिलांनी घरात अंगारा-धुपारा कधी शिरू दिला नाही. विहारात कुणी असला विषय काढला की पहिली मीच हसायचे. आता हसत नाही. तुम्ही मात्र खुशाल हसा.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. जळगाव जामोदच्या पुढे सातपुड्यात एक डोंगर आहे. नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या पोरांचं पोट त्यावर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होता — शनिवारी सूर्यास्त दर्शन, नांदुऱ्याहून क्रूझरने नेणार-आणणार, सोबत गाइड, वर चहा-भजी, आणि एकदम स्वस्तात. माझी आई बासष्ट वर्षांची. तिची अख्खी हयात वडनेर भोलजीला शेतात गेली. आभाळ मोकळं असलं की लांबवर निळा डोंगर दिसायचा, पण ती चढली कधीच नव्हती. ती नको नको म्हणत होती... मीच हट्ट केला. हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं माझ्याच गळ्यात येतं.

आम्ही दहा जण आणि गाइड अझरभाई. तिशीचा, भारी बडबड्या, पायात साध्या चपला. स्वस्त टूर, त्यामुळे रांगेच्या मागे चालायला दुसरा माणूस नाही. त्यावर त्याने युक्ती काढलेली, प्रत्येकाला एक नंबर. तो पुढून ओरडायचा "गिनती!" की एक, दोन, तीन करत शेवटपर्यंत आवाज द्यायचा. मी नऊ, आई दहा. आईला काय मजा वाटली! शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, ती इथं हजेरी देत होती. जरा लाजून म्हणायची, "दहा."

अर्ध्या वाटेवर वनखात्याचं पत्र्याचं शेड आहे, सिमेंटचा एक बाक. तिथे आईचा गुडघा बोलायला लागला.

"मले आता नाई होत माय. तू जाय वर, मी बसतो इथीच."

"एकटं नका ठेवू ताई," अझरभाई म्हणाला. "मी थांबलो असतो, पन मंग बाकीच्याइले कोन नेईन?"

"मले का वाघ खाते रे!" आईने त्यालाच उडवून लावलं.

खरं सांगू? मी थांबायला हवं होतं. पण मला फोटो काढायचे होते. तिला पाण्याची बाटली दिली आणि निघाले.

माथा म्हणजे नुसतं सपाट पठार. झाड नाही, दगडाचा आडोसा नाही. आम्ही नऊ जण आणि अझरभाई, बाकी कुणी नाही, हे मी शपथेवर सांगते. सहाच्या आत सूर्य गेला. चहा पिऊन लगेच उतरायला लागलो. उजेड होता अजून, पण राखाडी.

उतरताना मी सगळ्यांच्या मागे. पहिल्या वळणावर "गिनती!" झाली. एक, दोन... माझ्या पुढे खामगावचे एक रिटायर्ड काका होते, ते म्हणाले आठ. मी म्हटलं नऊ.

आणि माझ्या मागून, वरच्या अंगाने, अगदी स्वच्छ — "दहा."

आईचा आवाज. तसाच, जरा लाजून.

लाज वाटते सांगायला, पण मला आधी भीती वाटलीच नाही. आनंद झाला! वाटलं, आली बाई हळूहळू वर. काकासुद्धा म्हणाले, "आल्या वाटते तुमच्या आई." मी वळले. मागे वाट आणि सागाची झाडं.

"थांब माय, हात देतो!" म्हणत मी हसत वर चढायला लागले. पाच-सहा पावलं गेले असेन. परत "दहा." या वेळी आणखी वरून. गिनती कुणी मागितली नव्हती... तरी मी चढतच होते.

तेवढ्यात कुणीतरी माझी बॅग मागून ओढली. अझरभाई. धावत आला होता, धापा टाकत होता.

"ताई, कुठी जाऊन राह्यल्या?"

"आई वर हाये ना!"

"वाट एकच हाये. त्या वर आल्या असत्या तं आपल्याले दिसल्या नसत्या का?"

"मंग हे कोन बोलून राह्यलं?"

त्याने मला ओढत खाली रांगेत आणलं. सगळ्यांना मोठ्याने म्हणाला, "आता गिनती नाई. एकमेकाचे हात धरा अन् चला."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. वर जे काही होतं ते आई नव्हतं, तर मग आई खाली एकटी होती. फोनला रेंज नाही. कशी उतरले मला माहीत नाही. मी रडत होते, आई आई करत होते, अझरभाईने हात घट्ट धरलेला. मागून आवाज आणखी दोनदा आला. आपला नंबर राहून गेला म्हणून कुणी आठवण करून द्यावी तसा.

शेडपाशी पोचलो. बाक रिकामा.

अझरभाईने टॉर्च फिरवला. वीसेक पावलांवर, जिथे वाट नाहीच, जिथून सरळ दरी सुटते, तिथे आई उभी होती. दोन्ही हातांनी सागाचं झाड कवटाळून, डोळे मिटून. मी जाऊन तिला मिठी मारली. अंग घामाने गार. झाड सोडेना. माझ्या तोंडावरून हात फिरवला, डोळे उघडून नीट पाहिलं आणि विचारलं, "तुह्या पुढचा आठ कुठी हाये?"

काका पुढे आले. "हा काय, मी इथीच हाव ना."

तेव्हा तिने झाड सोडलं.

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. "तू खालून ओरडून राह्यली होती. नऊ... नऊ... तुहाच आवाज. मले वाटलं, दुसऱ्या वाटेनं उतरली अन् पडली-गिडली. उठली मी. पार काठापर्यंत गेली."

"मंग थांबली काऊन?"

"नुसतं नऊच येऊन राह्यलं होतं. एक नाई, दोन नाई, आठ नाई. म्हनलं, बाकीचे कुठी गेले? एकटीनं कोनी गिनती करते का? मंग झाड धरलं."

प्रतिध्वनी होता म्हणावं, तर काकांचा आठ का नाही परत आला? भास म्हणावा, तर तो काकांनाही कसा झाला? अझरभाईला नंतर फोन केला. तो एवढंच म्हणाला, "ताई, मी आता नंबर देत नाई. शिट्टी घेतली." आई तो विषय काढू देत नाही. मला कधी एका शब्दानेही बोलली नाही ती.

पण मला झोप लागत नाही ती आवाजामुळे नाही. खाली माझी आई दरीच्या काठावर झाड धरून उभी होती आणि मी, तिची लेक, हसत हसत वर निघाले होते. मला कोण नेत होतं, ते आजही सांगता येत नाही.