चाकवतावरचे ठिपके

लग्नानंतर आम्ही अंबडला दोन खोल्यांत राहायला आलो, ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान शेती खात्यात पिकांचे रोग तपासायचे. कचेरीत तपासणीच्या रोपांना जागा नव्हती, म्हणून आमच्या खिडकीत डब्यांमधून काकडी, तंबाखू आणि चाकवताच्या जातीची रोपं वाढत. रोग पसरवणारी मावा कीड शिरू नये म्हणून मी त्यांना जुन्या मच्छरदाणीच्या खोळी शिवल्या होत्या.

एका सकाळी शहागडचे एक शेतकरी ओल्या फडक्यात कलिंगडाचा वेल गुंडाळून आले. गोदावरीच्या वाळूत त्यांची वेलांची वाडी होती. पानं चितकबरी झाली होती, शेंडे आखडले होते.

"साहेब, खत बराबर टाकलं. तरी वेल असा करून राह्यलाय. भाऊ म्हणतो, वाळूच बाद झाली, सोडून देऊ."

"आधी रोग आहे का ते बघू," हे म्हणाले.

ह्यांनी ती पानं वाटायला खलात घेतली तसे शेतकरी मदतीला सरसावले. त्यांच्या तळहातावर मळलेली तंबाखू होती.

"आधी साबणानं हात धुवा," मी म्हणाले. "तंबाखूतूनही रोपांना रोग लागतो. मग कुणाचा कोणता ते कळायचं नाही."

"आमच्या घरी नका सांगू हे," म्हणत ते हसत मोरीकडे गेले.

खिडकीतल्या रोपांच्या पानांवर ती जराशी खरवडावीत म्हणून बारीक भुकटी भुरभुरून वेलाच्या पानांचा रस बोटानं हलकेच चोळायचा; रोग असला तर तो रोपांवर उमटायचा. ह्यांचा हात जड, पान फाटायचं. म्हणून ते काम माझ्याकडे. तुलनेसाठी काही रोपांना आम्ही नुसतं पाणी चोळलं.

रोज उठल्यावर मी खोळ उचलून बघे. आठवडा होत आला तेव्हा चाकवतावर पिवळे ठिपके उमटले. मागोमाग काकडीची कोवळी पानं चितकबरी झाली. तंबाखू मात्र हिरवीगार, आणि पाणी चोळलेली रोपंही. मी ह्यांना हाक मारली.

"विषाणूच आहे," भिंग लावून हे म्हणाले. "काकडीवरचा नेहमीचा विषाणू तंबाखूलाही धरतो. हा धरत नाही, म्हणजे हा कलिंगडाचा."

आम्ही दोघं बघतच राहिलो. चहा उतू गेला.

रविवारी एसटीनं शहागडला गेलो. ह्या रोगावर औषध नव्हतं. आजारी वेल उपटून दूर टाकायचे, एवढंच. शेतकऱ्याच्या भावाला ते पटेना.

"वाळू चांगली हाय म्हणता?"

"वाळू चांगली आहे," हे म्हणाले.

तो स्वतःच वाकून उपटायला लागला. पुढे निम्म्याहून जास्त वाडी वाचली. त्या दिवशी दुपारी त्याच्या वहिनीनं चांगल्या वेलावरचं एक कलिंगड फोडलं. आम्ही वाळूतच बसून खाल्लं, कोपरापर्यंत रस ओघळला, आणि परतीची एसटी चुकली तरी कुणाला उठावंसं वाटलं नाही.