गच्चीवरच्या टाकीचं पाणी

तांब्याची घागर अर्धी उजळली होती, अर्धी अजून काळीच होती, तेवढ्यात दाक्षायणीच्या हातावर नळातून एक पीस पडलं. राखाडी, ओलं, बोटाएवढं. चिंच लागलेला हात तिनं झटकला, तरी ते चिकटूनच राहिलं. मग दुसरं आलं. त्याच्यामागून बुळबुळीत असं काहीतरी आलं.

"शिवा शिवा शिवा!" ती नळापासून मागं सरली.

बाळीवेशीजवळच्या या तीन मजली बिल्डिंगमध्ये दाक्षायणी लग्न होऊन आली ती आजतागायत भाडेकरू. मुलं इथंच झाली, सासू इथंच गेली. एवढ्या वर्षांत तिला जिची किळस आली नाही अशी एकही जागा उरली नव्हती. जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, सामाईक संडासापुढं कायमची ओल, मोरीतून वर येणाऱ्या गोमा. नाकाला पदर लावून ती जिना उतरायची आणि तसाच पदर लावून चढायची. "नाक घरीच ठेवून जात जा की," असं तिचा नवरा शिवपुत्र गिरणीत जाता जाता म्हणायचा. पण पाण्याची मात्र तिला कधी शिसारी आली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात टँकरमागं धावून सगळ्यांचे पाय मोडले, तेव्हा मालकांनी गच्चीवर सिमेंटची टाकी बांधली. तिच्या पहिल्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं ते दाक्षायणीनंच.

गेले काही दिवस त्या पाण्याला वास येत होता. तो कुठून येतो हे तिनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. शेजारच्या खोलीतली मथुराबाई मोहोळकडची, सुकट-बोंबील खाणारी. त्याच हातांनी ती सामाईक नळ सोडते, तिथंच भांडी विसळते. मग पाणी बाटणार नाही तर काय होणार? टाकीचं झाकण उघडून बघावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. शिवाशिव डोळ्यांना थोडीच दिसते!

सोमवारी देवळातून परतताना मालक पंचाक्षरी बिल्डिंगमध्ये आले. कपाळावर विभूतीचे ठसठशीत आडवे पट्टे, कानावर बेलाचं पान. व्हरांड्यात सगळ्या बायकांसमोर मथुराबाईकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, "अक्का, तुमचं बिऱ्हाड सगळ्यात जुनं. तुमचा शब्द तो खरा. वास हिच्यामुळंच येतो ना?"

"हिच्यामुळंच," दाक्षायणी म्हणाली.

मथुराबाई दारातच उभी होती. "आक्का, मी सुकट चुलीवर भाजते. नळात न्हाय भाजत की!"

बायका हसल्या. मालक हसले नाहीत. "अमावास्येच्या आत खोली मोकळी करायची," एवढं बोलून ते गेले. आज सकाळीच मथुराबाई शहराबाहेर कुंभारीला खोली बघायला गेली होती. जाताना दाक्षायणीच्या दारावरून गेली, पण तिनं आत पाहिलं नाही.

आणि आता हे पीस.

दाक्षायणीनं वरच्या मजल्यावरच्या काशम्माला हाक मारली. दोघी गच्चीवर चढल्या. टाकीवर झाकणाचा पत्राच नव्हता. आत पाण्यावर कबुतर तरंगत होतं. कबुतर तरी कसलं, फुगून फाटलेला गोळा. पिसं सुटून पाण्यावर पसरली होती, कडेला तेलकट तवंग धरला होता आणि वास असा की काशम्मानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"यव्वा! हे पाणी आपण प्यालो?"

दाक्षायणीच्या डोळ्यांपुढं पिण्याचं पाणी आलंच नाही, पूजा आली. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं आणि तेच तीर्थ म्हणून प्राशन करायचं. थेंब खाली सांडू द्यायचा नाही. तीर्थाला नाक लावू नये, शंका घेऊ नये, ही सासूची शिकवण. घागरीला वास आला की ती नाक मुरडायची, पण तळहातावरचं पाणी डोळे मिटून, भक्तीनं, शेवटच्या थेंबापर्यंत गिळायची. देवाला तिनं मढ्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, आणि वर ते जिभेनं टिपलं होतं.

ती कठड्याशी वाकली आणि भडाभडा ओकली. पोटात काही नव्हतं, तरी थांबेना.

काशम्मानं निरोप धाडला तसे मालक आले. नाकाला रुमाल लावून, लांबूनच त्यांनी टाकीत डोकावलं.

"पत्रा कुठं गेला?" दाक्षायणीनं विचारलं.

"वाऱ्यानं गेला असेल."

"वाऱ्यानं कसला?" काशम्मा फिसकन हसली. "तुमच्याच गड्यानं नेला की, तुमच्या वखारीतल्या कोळशाच्या पोत्यांवर घालायला! वारा काय हातगाडी घेऊन आला होता?"

"बरं, बरं. पाखरू काढून टाका. तुरटी फिरवा, वर चिमूटभर विभूती सोडा. शुद्ध होतं सगळं." मग मालक आवाज उतरवून म्हणाले, "आणि अक्का, त्या बाईचा विषय आता काढू नका. खोली जावयाच्या भावाला द्यायची ठरलीय. आपल्यातलाच आहे. मांसमच्छीला शिवत नाही. तुम्हालाच शेजार चांगला."

दाक्षायणी त्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. तेच पट्टे तिच्याही कपाळावर होते. कबुतर बघून आली नव्हती अशी शिसारी तिच्या अंगावर सरसरून आली.

"हिच्यामुळं वास येतो, असं मी चारचौघींत म्हटलं," ती म्हणाली. "आता चारचौघींतच सांगणार, तुमच्यामुळं येतो. मथुराबाई खोली सोडणार नाही."

"तुम्हीपण भाडेकरूच आहात, अक्का. विसरू नका. उद्या तुमचीही खोली मागता येते मला."

"भाडेकरू आहे म्हणूनच बोलते. मालक असते तर तुमच्यासारखं घरच्या विहिरीचं प्याले नसते का?"

मालक रुमाल खिशात कोंबत जिना उतरून गेले. ते धमकी खरी करतील की काय, हे काही सांगता येत नव्हतं. शिवपुत्र पाळीवरून आला की आधी डोक्याला हात लावणार, हे मात्र नक्की होतं.

काशम्मानं शेजारच्या मठातल्या विहिरीचं पाणी आणून दिलं. दाक्षायणीनं मिठानं जीभ घासली, खूप चुळा भरल्या, तरी ती चव जाईना. आजची पूजा राहिली होती. पूजेशिवाय ती अन्नाचा कण तोंडात घालत नसे, आणि आज अन्नाचं नावही नको वाटत होतं.

"पडा जरा," काशम्मा म्हणाली. "तोंड बघा कसं झालंय."

"पडून कसं चालेल? मथुराबाई तिकडं नव्या खोलीचा शब्द देऊन बसेल."

मालकांनी जावयाच्या भावाचं सामान आणून टाकायच्या आत मथुराबाई आपल्या खोलीत असायला हवी होती. दाक्षायणीनं पदर खोचला, दाराला कडी घातली आणि मथुराबाईला परत आणायला ती कुंभारीच्या गाडीसाठी स्टँडकडं निघाली.